राजीनामा कधी द्यावा? ‘नोकरी डॉट कॉम’च्या आधीची वर्षं वाचा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. वय चौतीस, हिंजवडीत आयटी कंपनीत अकरा वर्षं झाली, वाकडला फ्लॅट आणि त्याचं कर्ज, पत्नी खासगी शाळेत शिक्षिका, एक मुलगी. चाकण-भोसरीच्या छोट्या कारखान्यांना टर्नर, वेल्डर, सीएनसी (संगणकावर चालणारं यंत्र) ऑपरेटर मिळवून देणारी वेबसाइट काढायची आहे. कॉलेजचा मित्र कोडिंगला तयार आहे. राजीनामा आत्ता द्यावा की गुंतवणूकदार मिळाल्यावर, हे तुम्हाला ठरवायचं आहे. आणि शेवटी तुम्ही लिहिलंय की नोकरी डॉट कॉमचे संजीव बिखचंदानी, हॉटमेलचे सबीर भाटिया यांच्यासारखी माणसं एका झटक्यात बाहेर पडली, मग आपल्यालाच का धीर होत नाही?

मी सीए आहे, पुण्यात. छोट्या इंटरनेट कंपन्यांची पुस्तकं बघण्यात माझी बरीच वर्षं गेली. कंपनी काढणाऱ्यांचे ताळेबंद मी पाहतो आणि त्यांच्या घरचे हिशेबही, कारण पहिली काही वर्षं ते दोन्ही एकच असतात. त्या अनुभवावरून सांगतो, तुमचा प्रश्न धिराचा नाही. राजीनाम्याच्या तारखेचाही नाही. धंदा स्वतःच्या पायावर उभा राहीपर्यंत घर कोण चालवणार, आणि पहिले पैसे कोण देणार व कधी देणार, हे दोन प्रश्न तुमच्या पत्रात कुठेच नाहीत. त्यांची उत्तरं मिळाली की तारीख आपोआप ठरते.

बिखचंदानींचं उदाहरण तुम्हीच काढलंत ते बरं झालं, कारण या दोन प्रश्नांसाठी त्यांच्याइतकं स्वच्छ उदाहरण भारतात क्वचित सापडेल. फक्त ते १९९७ पासून, म्हणजे वेबसाइट सुरू झाली तिथपासून, वाचू नका.

ते दिल्लीचे. सेंट स्टीफन्समधून अर्थशास्त्र, मग लिंटास या जाहिरात कंपनीत काही वर्षं, मग अहमदाबादचं आयआयएम. १९८९ मध्ये तिथून बाहेर पडून हॉर्लिक्स बनवणाऱ्या एचएमएम कंपनीत मार्केटिंगमध्ये लागले. कल्पना सुचली ती तिथे. ‘बिझनेस इंडिया’चा अंक कचेरीत आला की सहकारी तो मागच्या पानांपासून उघडायचे, कारण मागे नोकऱ्यांच्या जाहिराती असत. यातले बहुतेक जण नोकरी शोधत नव्हते. तरीही बाजारात आपला भाव काय, हे प्रत्येकाला बघायचं असे. ही गोष्ट त्यांनी हेरून ठेवली.

१९९० च्या ऑक्टोबरमध्ये त्यांनी नोकरी सोडली. इथवर तुमचं म्हणणं खरं आहे, सोडली ती सोडली. पण वेबसाइट काढायला सोडली नव्हती. वेब तेव्हा जगात कुणाच्याच वापरात नव्हतं. एका भागीदाराबरोबर त्यांनी दोन छोट्या संस्था सुरू केल्या. एक औषध कंपन्यांच्या ट्रेडमार्कची माहिती गोळा करून विकणारी, दुसरी इन्फो एज, जी पगारांची सर्वेक्षणं करून त्यांचे अहवाल कंपन्यांना विकायची. ऑफिस म्हणजे वडिलांच्या घराच्या गॅरेजवरची नोकरांची खोली, आणि तिचं महिना ८०० रुपये भाडं ते वडिलांना देत. हे भाड्याचं मला फार आवडतं. माझ्याकडे येणारी निम्मी मंडळी घरातली खोली, बायकोचा लॅपटॉप, स्वतःचे श्रम, सगळं शून्य धरतात. मग कागदावर धंदा नफ्यात दिसतो आणि घर दर महिन्याला पदरमोड करत राहतं.

१९९३ मध्ये भागीदारी सुटली, इन्फो एज बिखचंदानींकडे राहिली. पुढची काही वर्षं ओढाताणीचीच होती. शनिवार-रविवार मॅनेजमेंटच्या मुलांना शिकवणं, ‘पायोनियर’ या दैनिकाच्या करिअर पुरवणीचं काम, आणि मधल्या वेळात अहवाल. घर चालायचं ते मुख्यतः पत्नीच्या पगारावर. सुरभी त्यांच्याच आयआयएमच्या बॅचच्या, नेस्लेमध्ये नोकरीला. स्वतः बिखचंदानी हे मुलाखतींतून मोकळेपणाने सांगत आलेत. आपण मात्र यशोगाथा वाचताना ते वाक्य ओलांडून पुढे जातो.

१९९६ च्या ऑक्टोबरमध्ये प्रगती मैदानावर आयटी एशिया हे प्रदर्शन होतं. विदेश संचार निगम या सरकारी कंपनीची ई-मेल खाती विकणाऱ्या एका स्टॉलवर त्यांनी पहिल्यांदा वेब पाहिलं, याहू उघडून पाहिलं. तेव्हा देशात इंटरनेट वापरणारे जेमतेम चौदा हजार होते, असं ते सांगतात. वेबसाइटला सर्व्हर लागतो आणि तो अमेरिकेत असतो, एवढं तिथे कळलं. थोरले भाऊ कॅलिफोर्नियात प्राध्यापक होते. त्यांनी महिना २५ डॉलर भाड्याने सर्व्हर घेऊन दिला आणि त्याबद्दल त्यांना कंपनीत छोटा हिस्सा मिळाला. प्रोग्रॅमिंग करणारा मित्र आणि कामकाज सांभाळणारी एक सहकारी यांनाही हिस्सा दिला, तिघांनाही एक आकडी टक्क्यांत. जुन्या वर्तमानपत्रांतल्या जाहिराती टाइप करून हजारेक नोकऱ्या साइटवर चढवल्या आणि १९९७ मध्ये इन्फो एजचं नोकरी डॉट कॉम सुरू झालं.

पहिल्या वर्षाची उलाढाल २.३५ लाख रुपये. म्हणजे महिन्याला वीस हजारांच्या आत, आणि ती तिघाचौघांत. दुसऱ्या वर्षी १८ लाख, तिसऱ्या वर्षी ३६ लाख.

आता बोटं मोजा. नोकरी सोडल्यापासून बरी म्हणावी अशी उलाढाल दिसेपर्यंत आठेक वर्षं गेली. एवढा काळ घर तरलं ते तीन गोष्टींवर: पत्नीचा पगार, खर्च जवळजवळ शून्यावर ठेवलेला, आणि हाताला मिळेल ते काम. ‘एका झटक्यात’ म्हणताना ही आठ वर्षं हिशेबात धरली पाहिजेत.

सबीर भाटियांचं म्हणाल तर तिथे गोष्ट वेगळी आहे, आणि तुमच्यासाठी कमी उपयोगाची. हॉटमेल ही ई-मेल सेवा. ती ४ जुलै १९९६ ला सुरू झाली आणि १९९७ च्या डिसेंबरमध्ये मायक्रोसॉफ्टने ती सुमारे ४० कोटी डॉलरना घेतली. दीड वर्षात सगळं आटोपलं. पण ते घडलं सिलिकॉन व्हॅलीत, स्टॅनफर्डच्या शिक्षणानंतर, आणि नोकरीत असतानाच भाटिया व जॅक स्मिथ यांची जुळवाजुळव चालू होती. गुंतवणूकदाराने ३ लाख डॉलर देऊन १५ टक्के घेतले, तेही सेवा सुरू व्हायच्या आधी. हा १५ टक्क्यांचा आकडा लक्षात ठेवा, पुढे येणार आहे. वाकडच्या हप्त्याचं गणित मात्र या गोष्टीवरून मांडू नका.

आता दुसरा प्रश्न, पैसे कोण देणार. इथे मला तुमच्या कल्पनेबद्दल खरी काळजी आहे, म्हणून जरा थांबतो.

नोकरी डॉट कॉमला नोकरी शोधणारा फारसं काही देत नाही. देतात त्या माणसं शोधणाऱ्या कंपन्या आणि प्लेसमेंटवाले. त्यातही मोठा भाग येतो तो बायोडेटांच्या साठ्यात शोध घ्यायच्या परवानगीचा, आणि ती फी बहुतेकदा सहा महिने-वर्षाची आगाऊ घेतली जाते. म्हणजे सेवा द्यायच्या आधी पैसा बँकेत. आमच्या भाषेत ही ताळेबंदात देणी म्हणून दिसणारी रक्कम असते, पण धंदा चालवणाऱ्यासाठी ते बिनव्याजी खेळतं भांडवलच. ज्यांच्याकडे असा आगाऊ पैसा येतो त्यांना गुंतवणूकदाराची घाई नसते. माझ्याकडच्या ज्या कंपन्या मंदीत तगल्या त्यांतल्या बहुतेकांत हा एक गुण होता, बाकी काही सारखं नव्हतं.

तुमचं गिऱ्हाईक कोण? भोसरीतला दहा-बारा माणसांचा, जॉबवर्क म्हणजे दुसऱ्या कंपन्यांचं काम करून देणारा कारखाना. त्याला वर्षभर माणसं लागत नाहीत. त्याला माणूस लागतो दिवाळी-छठनंतर, किंवा होळीला गावी गेलेला ऑपरेटर परत आला नाही की. तेव्हा मात्र उद्या सकाळच्या पाळीलाच हवा असतो, कारण मशीन बंद राहिलं तर त्याचाही हप्ता थकतो. असा माणूस वर्षाची फी आधी कशाला भरेल? त्याच्या फाटकावर ‘टर्नर, हेल्पर पाहिजेत’ असा पत्र्याचा बोर्ड कायमचा टांगलेला असतो, खाली सुपरवायझरचा मोबाइल नंबर. तो बोर्ड तुमचा खरा स्पर्धक आहे, आणि तो फुकट आहे. दुसरा स्पर्धक लेबर कॉन्ट्रॅक्टर. तो माणूस आणून देतो, त्याचा पीएफ-ईएसआयसीचा (भविष्य निधी, कामगार विमा) कागद सांभाळतो आणि माणूस पळाला तर दुसरा पाठवतो. यातलं काहीही तुमची वेबसाइट करत नाही.

आणि उधारी. जॉबवर्कवाल्याचे स्वतःचे पैसे वरच्या कंपनीकडे दोन-तीन महिने अडकलेले असतात, तो तुम्हाला वेळेवर कसे देणार? उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) असलेल्या सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे ४५ दिवसांच्या आत द्यावेत असा कायदा आहे, आणि आता मुदत ओलांडून ते वर्षअखेरीसही थकलेले असतील तर देणाऱ्याला तो खर्च आयकरात त्या वर्षी वजा मिळत नाही. तुम्हीही उद्यम नोंदणी करून घ्या, फुकट आहे. पण नव्या गिऱ्हाइकाला पहिल्याच बिलावर कायदा दाखवणारा विक्रेता मी अजून पाहिलेला नाही.

म्हणून माझा कल असा आहे: पैसे देणारं गिऱ्हाईक बदलून बघा. ज्याला दर महिन्याला माणसं लागतात असा कोण आहे? चाकणमधल्या मोठ्या वाहन कंपन्यांना सुटे भाग पुरवणारे दोनशे-पाचशे कामगारांचे व्हेंडर, त्यांच्याकडे एचआरचं टेबल असतं. आणि खुद्द लेबर कॉन्ट्रॅक्टर. ज्याला तुम्ही शत्रू समजताय तोच कदाचित तुमच्याकडच्या यादीसाठी महिन्याचे पैसे आगाऊ देईल, कारण त्याचा अख्खा धंदा माणसं शोधण्याचा आहे. मी चूक असू शकतो. तुम्ही त्या भागात वाढला असाल, तुमचे मामा-काका कारखानदार असतील, तर तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं. पण हे शोधायला वेबसाइट लागत नाही, राजीनामा तर नाहीच लागत. एक एक्सेल शीट, व्हॉट्सअ‍ॅप आणि शनिवार पुरेत (गुरुवारी जाऊ नका, भोसरीत कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी असते, मालक भेटत नाहीत). ओळखीच्या आयटीआयच्या शिक्षकांकडून पास झालेल्या मुलांची यादी घ्या, दोन-तीन एचआरवाल्यांना माणसं मिळवून द्या आणि पैसे मागा. ‘कल्पना छान आहे’ असं म्हणणारे मोजू नका. पैसे देणारे मोजा.

गुंतवणूकदार मिळाल्यावर राजीनामा, हा तुमचा दुसरा पर्याय. त्यातही बिखचंदानींचा क्रम बघण्यासारखा आहे. १९९९ मध्ये इंटरनेटची लाट आल्यावर भांडवलवाले त्यांच्याकडे आपणहून येऊ लागले, तेव्हा ते आधी नको म्हणाले होते. मग जॉब्सअहेड नावाची स्पर्धक साइट जोरदार जाहिरात करत उतरली, आणि पैसा न घेता आपण मागे पडू हे त्यांना दिसलं. २००० च्या एप्रिलमध्ये आयसीआयसीआयच्या फंडाने ७.३ कोटी रुपये घातले, १५ टक्क्यांसाठी. भाटियांइतकेच टक्के, पण इथे तीन वर्षांची उलाढाल हातात होती. गणित करून बघा: अख्ख्या कंपनीची किंमत ४८ कोटींच्या वर धरली गेली आणि आदल्या वर्षीची उलाढाल होती ३६ लाख. सव्वाशे पटींहून जास्त. असा भाव फक्त लाटेत मिळतो. अमेरिकेत नॅसडॅक हा शेअर निर्देशांक १० मार्च २००० ला शिखरावर जाऊन घसरायला लागला होता, म्हणजे हा पैसा दार बंद होता होता आत आला.

आता इथे कुणी नशीब म्हणेल, आणि ते आहेच. पण पुढचं नशीब नाही. पैसा आल्यावर त्यांनी तो जाहिरातींवर उधळला नाही. बराचसा बँकेत ठेवून जपून वापरला, आणि खर्च केला तो मुख्यतः विक्रीच्या माणसांवर, शहराशहरांत जाऊन एचआरच्या टेबलासमोर बसणाऱ्या माणसांवर. पुढे कंपनीचे प्रमुख झालेले हितेश ओबेरॉय हिंदुस्तान लिव्हर सोडून त्याच वर्षी आले. काही वर्षं तोटा सोसून कंपनी नफ्यात आली. जॉब्सअहेड २००४ मध्ये मॉन्स्टर या अमेरिकी नोकरी-साइटने विकत घेतलं. २००६ च्या नोव्हेंबरमध्ये ३२० रुपये भावाने इन्फो एजचा आयपीओ (शेअर्सची पहिली जाहीर विक्री) आला, भारतीय शेअर बाजारात नोंदली गेलेली ही पहिली इंटरनेट कंपनी. पुढे त्याच कंपनीने पॉलिसीबझार आणि झोमॅटोत अगदी सुरुवातीला पैसे घातले, ती वेगळी आणि मोठी कथा आहे. तुम्हाला आज तिचा उपयोग नाही.

तर गुंतवणूकदार मिळाल्यावर राजीनामा, हे सांगायला सोपं आहे. पण गिऱ्हाईक नसताना मिळालेला गुंतवणूकदार एकतर फार हिस्सा मागतो, नाहीतर अठरा महिन्यांत दुसरा गुंतवणूकदार शोधा म्हणून मागे लागतो. आणि पहिल्याच बैठकीत विचारतो, ‘तुम्ही अजून नोकरीत आहात का?’ तेव्हा पैसे देणारी गिऱ्हाइकं दाखवता आली तर ‘हो’ म्हणायलाही लाज वाटत नाही.

परिस्थितीवर अवलंबून असलेल्या गोष्टी मला इथून दिसत नाहीत. पत्नीचा पगार हप्ता आणि किराणा मिळून भागवू शकतो का? आई-वडील तुमच्यावर अवलंबून आहेत का? वडिलांचं पेन्शन आहे का? सासरची-माहेरची मदत मागता येते का, की तो विषयच निघत नाही? ही उत्तरं बरी असतील तर तुम्ही लवकर बाहेर पडू शकता. नसतील तर नोकरीत राहून दीड-दोन वर्षं हे चालवा, त्यात कमीपणा काही नाही. मुख्य म्हणजे हा हिशेब पत्नीला बाजूला बसवून करा. बहुतेक जण तो एकट्याने मनात करतात आणि घरी फक्त निकाल सांगतात.

राजीनाम्याआधी करायची काही रूक्ष कामं आहेत, ती सांगतो, कारण नंतर होत नाहीत. कंपनीचा आरोग्य विमा शेवटच्या दिवशी संपतो. स्वतःची फॅमिली पॉलिसी आधीच घ्या, आधीपासूनच्या आजारांसाठीचा थांबायचा काळ तोवर सुरू होतो. कर्ज दुसऱ्या बँकेत वळवायचं, टॉप-अप (त्याच घरावर वाढीव कर्ज) घ्यायचा असं काही डोक्यात असेल तर पगाराची स्लिप हातात असताना करा. धंदेवाल्याला बँक दोन-तीन वर्षांची रिटर्न्स मागते आणि तुमची पहिली रिटर्न्स दाखवण्यासारखी नसणार. आणि नेमणुकीचं पत्र काढून शांतपणे वाचा. नोकरीत असताना लिहिलेलं सॉफ्टवेअर कंपनीच्या मालकीचं, बाहेरचं काम लेखी परवानगीशिवाय करायचं नाही, अशी कलमं आयटी कंपन्यांत सर्रास असतात. म्हणून एक्सेल आणि व्हॉट्सअ‍ॅप म्हटलं. ऑफिसच्या लॅपटॉपवर एक ओळसुद्धा लिहू नका. हे कलम तुमच्या पत्रात कसं लिहिलंय ते वकिलाला दाखवा, माझ्यावर विसंबू नका.

मित्राबद्दल. तुम्ही ‘फिफ्टी-फिफ्टी’ लिहिलंय. तो संध्याकाळी दोन तास कोडिंग करणार, नोकरी सोडणार नाही, आणि तुम्ही पूर्ण वेळ असणार, तर हे निम्मंनिम्मं पहिल्या वर्षातच खुपायला लागेल. बिखचंदानींनी काम करणाऱ्यांना हिस्सा दिला, पण मोठा वाटा जो पूर्ण वेळ धोका घेत होता त्याच्याकडे राहिला. शिवाय हिस्सा एकदम देऊ नका. चार वर्षांत हप्त्याहप्त्याने मिळेल आणि पहिलं वर्ष पूर्ण केल्याशिवाय काहीच मिळणार नाही, असं लिहून घ्या. तेच कलम स्वतःलाही लावा, म्हणजे मित्राला वाईट वाटणार नाही. हे बोलणं चहावर होतं, कागदावर उतरायचं राहतं, आणि दोन वर्षांनी दोघं वेगवेगळे माझ्याकडे येतात.

आगाऊ पैसे देणारे पंधरा-वीस जण जमले की पुन्हा लिहा, तेव्हा कंपनी नोंदवायचं बघू. सेवेची उलाढाल वर्षाला २० लाखांच्या आत असेपर्यंत जीएसटीची नोंदणी सहसा लागत नाही, पण माणसं शोधून देण्याच्या वेबसाइटला एखादा अपवाद लागू होतो का ते सुरू करण्यापूर्वी विचारून घ्या. आणि पुढे गुंतवणूकदार घ्यायचा विचार असेल तर खर्च वाचतो म्हणून एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) काढू नका. भांडवलवाले प्रायव्हेट लिमिटेड कंपनीच मागतात, आणि एकातून दुसरं करण्याचा खर्च वाचवलेल्या पैशांपेक्षा जास्त येतो.